देश आणि सरकार

देश आणि सरकार या दोन भिन्न गोष्टी आहेत, याचा सत्ताधाऱ्यांना नेहमीच विसर पडतो. टेनिसपटू मार्टिना नवरातिलोवा हिची कारकीर्द याची साक्ष देते.

कोठे व किती खेळावे हे चेकोस्लोव्हाकियाच्या सरकारी संघटनेने ठरवावे, हे तिला मानवले नाही. १९७५ मध्ये, अवघ्या अठराव्या वर्षी, आईवडिलांना मागे ठेवून तिने अमेरिकेत राजाश्रय मागितला. मायदेशीच्या वृत्तपत्रांतून तिचे नाव लोपले. विम्बल्डनच्या तबकावर मात्र १९७८ ते १९८७ या काळात ते आठ वेळा कोरले गेले.

१९८६ मध्ये फेडरेशन चषकासाठी ती प्रागला आली, ती अमेरिकेकडून खेळण्यास. ध्वनिक्षेपकावरून तिचे नाव घेण्याचे टाळले गेले. प्रेक्षकांनी मात्र टाळ्यांच्या गजरात आपल्या लेकीचे स्वागत केले. यजमान संघ तिच्याच संघाकडून हरत असतानाही!

१९८९ मध्ये ती राजवट कोसळली. मार्टिना खेळतच राहिली. २००३ मध्ये, वयाच्या ४६व्या वर्षी, गोमंतकीय वंशाच्या लिएंडर पेसच्या साथीने तिने विम्बल्डनची मिश्र दुहेरी जिंकली. २००८ मध्ये चेक नागरिकत्वही तिला परत लाभले.

सरकारे नावे खोडतात. ती जपून ठेवणे हे लोकांचे काम. प्रागच्या प्रेक्षकांनी ते चोख बजावले.