दिवेलागणीचं निळं पाणी

वाईच्या गणपती घाटावर सूर्य बुडाला की हौशी फोटोवाले पिशव्या आवरायला लागतात. चूक तिथेच होते. खरा रंग पंधरा-वीस मिनिटांनी उतरतो. ढोल्या गणपतीच्या आवारातले दिवे तोवर लागलेले असतात आणि कृष्णेवरचं आकाश शाईसारखं गडद निळं झालेलं असतं.

हा निळा दुपारचा नव्हे. दिवसा निळा प्रकाश हवेतल्या रेणूंवरून विखुरतो, म्हणून आकाश निळं. संध्याकाळी मात्र किरणं तिरपी येतात, ओझोनच्या थरातून लांबचा प्रवास करतात, आणि ओझोन त्यातला पिवळा-नारिंगी भाग गिळतो. हे गणित हलबर्ट या अमेरिकी शास्त्रज्ञाने 1953 मध्ये मांडलं.

आपल्याकडे सूर्य जवळजवळ सरळ खाली उतरतो, त्यामुळे हा खेळ जेमतेम दहा मिनिटांचा. लंडनला तो तिरपा, सावकाश उतरतो; लंडनकर या बाबतीत सुखी!

प्रतिबिंब हवं तर शेवटच्या पायरीवर बसा. सरळ खाली पाहिलं तर पाणी जेमतेम 2 टक्के प्रकाश परत पाठवतं; नजर पाण्याला समांतर होत जाईल तसं प्रतिबिंब उजळतं. तिपाई लावा, आयएसओ 100 ठेवा, शटर चार-पाच सेकंद उघडं राहू द्या. लाटा पुसल्या जातात, दिव्यांच्या सोनेरी रेघा उरतात.

आणि व्हाइट बॅलन्स 'ऑटो'वरून काढून 'डेलाइट'वर ठेवा, नाहीतर कॅमेराच तो निळा धुऊन टाकेल.