वंशावळीतला धोंडो

बडोदे, इंदूर, ग्वाल्हेरकडच्या मराठी घरांच्या वंशावळीत चार-पाच पिढ्या मागे गेलं की धोंडो, दगडू, केरो, भिकाजी, कोंडाजी अशी नावं भेटू लागतात. बायकांत धोंडी, भिकी. नवी प्रत काढताना पुष्कळदा घरचेच लोक धोंडोचा धुंडिराज करून टाकतात. तसं करू नये. धुंडिराज हे गणपतीचं नाव. धोंडो म्हणजे धोंडाच. ‘सुधारणा’ करताना आपण एक पुरावा पुसतो.

पूर्वी पाठोपाठ मुलं दगावली की पुढच्या मुलाला मुद्दाम हलकं नाव ठेवत. दृष्ट लागू नये, मृत्यूने त्याच्याकडे ढुंकूनही पाहू नये, ही समजूत. केरात ठेवून उचललेला केरो, मूठभर कोंडा देऊन ‘विकत’ घेतलेला कोंडाजी, देवाकडे भीक मागून मिळालेला भिकाजी. अशा नावाने माणसाचं काही अडत नसे. १६७३ मध्ये पन्हाळा घेणारा कोंडाजी फर्जंद, बिठूरचे नानासाहेब पेशवे म्हणजे धोंडोपंत, आणि महर्षी धोंडो केशव कर्वे ही उदाहरणं सर्वांना ठाऊक आहेत.

वंशावळीत बहुतेक वेळा जगलेले मुलगेच येतात. गेलेल्या बाळांची ओळ नसते. त्यांची खूण राहते ती धाकट्या भावाच्या नावात.

मात्र निष्कर्ष काढण्याआधी तीन गोष्टी तपासा.

१. आजोबांचं नाव नातवाला ठेवतात. म्हणून घराण्यातला पहिला धोंडो शोधा. खूण त्याच्यापाशी आहे, नातवापाशी नाही.

२. त्याच्यात आणि वरच्या भावंडात किती वर्षांचं अंतर आहे ते पाहा. मोठी पोकळी असेल तर शंका बळकट होते.

३. पत्रिकेतलं नाव वेगळं असू शकतं. गणिती केरूनाना छत्रे यांचं नाव विनायक. एकाच पिढीत विनायक आणि केरो दिसले तर ते दोन भाऊ की एकच माणूस, हे तीर्थोपाध्यायांच्या वहीशी ताडून पाहा.

‘नकुशी’ची गोष्ट निराळी. धोंडी जगावी म्हणून धोंडी. नकुशी मात्र मुलगी नको होती म्हणून. सातारा जिल्ह्यात २०११ मध्ये अशा २८५ मुलींना समारंभाने नवी नावं दिली, ते योग्यच झालं. जिवंत माणसाला नाव बदलायचा हक्क आहे. पणजोबांचं नाव मात्र सापडलं तसंच लिहा, दुसरं नाव माहीत असेल तर शेजारी कंसात द्या.