अनिश्चितता ही सबब नव्हे

हवेतला कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला, तर पृथ्वी किती तापेल? १९७९ मध्ये अमेरिकेतील ज्यूल चार्नी यांच्या समितीने उत्तर दिले: १.५ ते ४.५ अंश सेल्सिअस. संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदलविषयक समितीच्या (‘आयपीसीसी’) २०२१ च्या अहवालात ही कक्षा २.५ ते ४ अंशांवर आली. फरक निम्मा झाला, पण मिटला नाही. त्याचे एक मोठे कारण म्हणजे ढग. ते ऊन परतवतात, तशीच उष्णता अडवूनही धरतात.

अर्थशास्त्रातली अनिश्चितता याहून मोठी आहे. शंभर वर्षांनी होणाऱ्या १०० रुपयांच्या नुकसानीची आजची किंमत किती? भविष्यातल्या रकमेचे आजचे मोल काढण्यासाठी दरवर्षी ठरावीक टक्के घट धरतात; तो वटावाचा दर. अर्थतज्ज्ञ निकोलस स्टर्न यांच्या हवामानबदलावरील २००६ च्या अहवालातला सुमारे १.४ टक्के दर लावला, तर २५ रुपये; ४.५ टक्के लावला, तर जेमतेम सव्वा रुपया. हा दर ठरवताना नातवंडांच्या सुखाला किती मोल द्यायचे, हा नीतीचा प्रश्नही येतो.

मग धोरण आखताना थांबायचे का? मुळीच नाही. अर्थतज्ज्ञ मार्टिन वाइट्झमन यांनी दाखवले, की शक्यता थोडी पण हानी प्रचंड असेल, तेव्हा सरासरीवर विसंबता येत नाही. आग लागेलच म्हणून कोणी विमा काढत नाही. लागली तर सावरता यावे म्हणून काढतो. उत्सर्जनकपात हा तसाच विमा आहे, आणि त्याचा हप्ता आजच भरायला हवा.