वाचक किती यापेक्षा वाचक कोण

ताडोबा व्याघ्र प्रकल्पाचं कोलारा गेट चिमूर तालुक्यात आहे. त्यामुळे इथल्या बरं लिहिणाऱ्या पोराला कुणीतरी हमखास सुचवतं: ब्लॉग काढ, वाघावर लिही, गुगलच्या जाहिराती लाव, घरबसल्या पैसे येतील. पैसे येतात, हे खोटं नाही. पण ते कुणाच्या खिशातून येतात आणि किती, याबद्दल जे ऐकू येतं त्यातलं बरंच चुकीचं असतं.

“वाचक दुप्पट झाले की पैसे दुप्पट”

असं गणित नसतं. वाचक पान उघडतो तेव्हा ते दिसायच्या आत त्यावरच्या जागेचा लिलाव होऊन जातो. बोली लागते ती त्या वाचकावर: तो कुठे आहे, काय शोधतोय, पान कशाबद्दल आहे. भिसीच्या किंवा नेरीच्या शेतकऱ्यानं सोयाबीनचा आजचा भाव पाहायला पान उघडलं, तर त्याला काही विकू पाहणारे मोजकेच. पुण्याचं कुटुंब डिसेंबरच्या सफारीसाठी मुक्काम शोधत त्याच ब्लॉगच्या दुसऱ्या पानावर आलं, तर हॉटेलं, प्रवासी कंपन्या, विमानाची तिकिटं विकणारे, सगळे बोलीत उतरतात. दोन्ही पानांवर मेहनत सारखीच. भावाचं पान जास्त लोकांच्या कामाचं असेल, तरी बाजाराला त्याचं सोयरसुतक नाही.

ब्लॉगवर जाहिराती लावणारी गुगलची सेवा म्हणजे अॅडसेन्स. 2024 च्या सुरुवातीपासून ते क्लिकऐवजी जाहिरात दिसण्यावर मोबदला मोजतं. तेव्हा ‘एका क्लिकला इतके’ हे जुने आकडे आता बाद. गुगलच्या सांगण्याप्रमाणे, त्यांच्याच जाहिरात यंत्रणेतून आलेल्या 100 रुपयांतले साधारण 68 लेखकाला मिळतात. पैसे हातात पडायला खात्यात 100 डॉलर साठावे लागतात, म्हणजे नऊ हजार रुपयांच्या आसपास. समजा, हजार वेळा पान उघडलं की 50 रुपये पडतात. हा आकडा निव्वळ हिशोबापुरता. मग पहिल्या हप्त्यासाठी ते पावणेदोन लाखांहून जास्त वेळा उघडलं जायला हवं. चिमूरसारख्या गावाबद्दल लिहिणाऱ्यानं हा गुणाकार आधी कागदावर करावा आणि मगच नोकरी सोडायची का ते ठरवावं.

त्यात हंगाम असतो. ताडोब्याचा गाभा जुलै ते सप्टेंबर पर्यटकांसाठी बंद राहतो, म्हणजे सफारीची पानंही त्या महिन्यांत थंड. जाहिरातदार दिवाळीच्या आसपास हात सैल सोडतात आणि जानेवारीत आखडतात. त्यामुळे ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या मिळकतीला बारानं गुणून वर्षाचा अंदाज बांधणारा फसतो.

“मराठीत लिहिलं तर जाहिराती लागतच नाहीत”

एकेकाळी हे खरं होतं. अॅडसेन्सनं हिंदी स्वीकारली ती डिसेंबर 2014 मध्ये. मराठीला त्यानंतरही काही वर्षं थांबावं लागलं. आता मराठी मान्य भाषांत आहे. बोली इंग्रजीपेक्षा कमी लागते, हे मात्र खरं. म्हणून काही जण सगळं इंग्रजीत लिहायला घेतात. मला ते शहाणपणाचं वाटत नाही. ताडोब्यावर इंग्रजीत लिहिणाऱ्या मोठ्या पर्यटन कंपन्या रग्गड आहेत. त्यांच्या गर्दीत एकट्याचं पान कोण पाहणार? चिमूरच्या बालाजीची घोडायात्रा किंवा 16 ऑगस्ट 1942 चा चिमूरचा उठाव यावर गावातल्या माणसानं मराठीत नीट लिहिलं, तर तिथे स्पर्धा जवळपास नाही. भाव कमी, पण जागा स्वतःची.

“मंजुरी विकत मिळते”

अॅडसेन्सला फी नाही. तीस लेख हवेत, इतके वाचक हवेत, अशी जाहीर अटही नाही. वय 18 पूर्ण हवं आणि मजकूर स्वतःचा हवा. ब्लॉगस्पॉटवरच्या फुकट ब्लॉगलाही जाहिराती लागतात, त्यासाठी आधी डोमेन घ्यायलाच हवं असं नाही. अर्ज अडकतो तो बहुतेकदा ‘कमी मोलाचा मजकूर’ या शेऱ्यावर. वनरक्षक भरतीची पीडीएफ जशीच्या तशी, वर्तमानपत्राचं कात्रण, कुणाच्या तरी कॅमेऱ्यातली वाघीण: एवढ्यावर उभा ब्लॉग अडकला, तर दोष यंत्रणेचा नाही. मंजुरी मिळवून देतो म्हणणाऱ्याला पैसे देऊ नयेत, पासवर्ड तर मुळीच नाही.

“मित्रांनी रोज क्लिक केलं की झालं”

स्वतः क्लिक करणं आणि इतरांना करायला सांगणं, दोन्हीला मनाई आहे. असे क्लिक ओळखले गेले की रक्कम कापली जाते, जाहिरातदाराला परत दिली जाते, खातंही बंद होऊ शकतं. मित्रांना फारच मदत करायची असेल तर त्यांनी शुद्धलेखन तपासून द्यावं.

“सगळं ऑनलाइन आहे, कागदपत्रं कशाला?”

खात्यात 10 डॉलर झाले की पत्ता पडताळायला एक पिन येतो, तोही साध्या टपालानं. दोन ते चार आठवडे लागतात. गावाकडच्या पत्त्यात घर क्रमांक नसतोच, म्हणून वॉर्ड, देवळाजवळची खूण, तालुका, पिनकोड असं सगळं लिहावं आणि पोस्टमनला आधीच सांगून ठेवावं. चार महिन्यांत पिन भरला नाही, तर जाहिराती थांबतात. पत्र हरवलं तर पुन्हा मागवता येतं. 100 डॉलर भरले की पैसे पुढच्या महिन्याच्या 21 ते 26 तारखेदरम्यान निघतात, बँकेत वायर ट्रान्सफरनं येतात. त्यासाठी स्विफ्ट कोड लागतो. तो तालुक्याच्या शाखेला नसला, तर बँकेच्या मोठ्या शाखेचा चालतो का ते विचारून घ्यावं. रक्कम कशाची आहे, असं बँकही विचारते.

डॉलरमध्ये आलं म्हणून ते करमुक्त होत नाही. शेतीचं उत्पन्न करमुक्त आहे. शेतीवर लिहिलेल्या ब्लॉगचं नाही.

“रिसॉर्टनं फुकट ठेवलं, ती काही जाहिरात नव्हे”

ती जाहिरातच आहे. खरं तर गुगलपेक्षा थेट मिळणारी स्थानिक जाहिरात जास्त देऊ शकते. गेटजवळच्या होमस्टेनं महिन्याला ठरलेली रक्कम दिली, तर लाख वाचकांची वाट पाहावी लागत नाही. पण पैसे घेतले किंवा फुकट मुक्काम केला, तर लेखावर सुरुवातीलाच ‘जाहिरात’ किंवा ‘प्रायोजित’ असं लिहायला हवं. जाहिरात मानक परिषदेचे 2021 चे आणि केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाचे 2023 चे नियम तसं सांगतात. शिवाय 1 जुलै 2022 पासून वर्षाला 20 हजारांवरच्या अशा लाभावर, देणारा लहान वैयक्तिक व्यावसायिक नसेल तर, त्यानं 10 टक्के कर कापून भरायचा असतो. आलिशान तंबूतल्या दोन-तीन रात्रींत ही मर्यादा सहज ओलांडली जाते.

“एकदा लिहिलं की आयुष्यभर मिळत राहतं”

जुनी पानं वर्षानुवर्षं वाचली जातात, हे खरंय. म्हणूनच ती पुन्हा पुन्हा तपासावी लागतात. साधी माहिती तर गुगल हल्ली स्वतःच वरच्या वर सांगून टाकतं, वाचक ब्लॉगपर्यंत येतही नाही. तो येईल ते गुगलला ठाऊक नसलेल्या गोष्टीसाठी: रस्ता कुठे खराब आहे, पहाटे गेटजवळ चहा मिळतो का. दरवर्षी ऑक्टोबरच्या आधी प्रवेशाचे दर, सफारीच्या जिप्सीचं भाडं, बुकिंगची पद्धत नव्यानं पाहून घ्यावी. नाहीतर जुना दर वाचून आलेला पाहुणा पहाटे गेटवर जिप्सीवाल्याशी भांडतो, आणि तो जिप्सीवाला संध्याकाळी चिमूरच्या चौकात ब्लॉगवाल्याला गाठतो.