लहर जुळली, भाषा जुळेना

हौशी ड्रोनचा ट्रान्समीटर, म्हणजे आपल्या बोलीत रिमोट, आणि ड्रोनमध्ये बसणारा रिसीव्हर ही जोडी जमवणे पत्रिका जुळवण्यासारखेच आहे. दोन्ही खोक्यांवर '२.४ गिगाहर्ट्झ' छापलेले असते आणि घरच्यांना वाटते, छत्तीस गुण जुळले! जुळलेला असतो तो एकच.

आमच्या सोसायटीतल्या इंजिनिअरिंगच्या एका मुलीकडे मी हे जवळून पाहिले. रिमोट आतेभावाने वापरलेला. रिसीव्हर तिने बुधवार पेठेतून, पासोड्या विठोबाजवळच्या दुकानांतून आणला. दोन दिवस त्याचा दिवा नुसता लुकलुकत राहिला. "गेले पैसे पाण्यात," वडील म्हणाले. खरे तर दोन्ही वस्तू ठणठणीत होत्या. एक कानडी बोलत होती आणि दुसरीला फक्त बंगाली कळत होते, एवढेच.

२.४ गिगाहर्ट्झ हा नुसता रस्ता. त्यावरून कोणत्या भाषेत बोलायचे हे कंपन्यांनी आपापले ठरवले. हाच प्रोटोकॉल. फ्लायस्कायचा एएफएचडीएस २ए, स्पेक्ट्रमचा डीएसएमएक्स, फ्रस्कायचे डी८ आणि डी१६. त्यातही पोटभेद आहेतच. डी१६ची युरोपसाठीची आवृत्ती इतरत्र विकल्या जाणाऱ्या आवृत्तीशी बोलत नाही.

जुन्या एरोमॉडेलिंगवाल्यांचा घोर वेगळा होता. तेव्हा रिमोट आणि रिसीव्हर यांत एकाच चॅनेलचे क्रिस्टल घालावे लागत, आणि मैदानावर दुसऱ्या कुणी त्याच चॅनेलचा रिमोट सुरू केला की आपले विमान खाली! म्हणून क्लबांत एक फळी असे. तिच्यावरचा आपल्या चॅनेलचा चिमटा (होय, कपडे वाळत घालायचा) ज्याच्याकडे, त्यानेच उडवायचे. २.४ गिगाहर्ट्झ आल्यावर रिमोट सतत लहरी बदलू लागले, रिसीव्हर आपल्याच धन्याला ओळखू लागला आणि चिमटे घरी परतले. ही ओळख करून देण्याला 'बाइंडिंग' म्हणतात. पण भाषाच वेगळी असेल तर ओळख कसली?

तिने शेवटी रिमोटच्या भाषेचा रिसीव्हर घेतला. अनेक प्रोटोकॉल बोलणारे दुभाषी मॉड्यूलही मिळते, पण ते बसवायची सोय रिमोटमध्ये हवी. आज नव्याने घेणाऱ्याला मी एक्सप्रेसएलआरएस सुचवीन. तो खुला आहे, वेगवेगळ्या कंपन्यांचे रिसीव्हर त्यावर चालतात. मात्र दोन्हीकडच्या सॉफ्टवेअरची मुख्य आवृत्ती एकच हवी. दुसरी आणि तिसरी यांचे जमत नाही.

दिवा स्थिर झाला की मुले थेट गच्चीकडे धावतात. मी तिला थांबवले. संपर्क तुटला तर काही रिसीव्हर शेवटचा हुकूम धरून बसतात. म्हणजे ड्रोन तसाच पुढे, कुणाच्या तरी डोक्यावर. पंखे काढून तिने मोटारी सुरू केल्या आणि रिमोट बंद केला. मोटारी थांबल्या. मग बापलेक सरकारी हवाई नकाशा उघडून बसले. लोहगावच्या विमानतळाभोवतीचे लाल वर्तुळ पाहून वडील म्हणाले, "आता उडवायला जायचं कुठे?"