राधानगरी ते दुबई : किती लांब, किती वेळ?

माझे पप्पा दुबईला वायरिंगचे काम करतात. जानेवारीत आत्याच्या लग्नाला ते आले होते. परत गेले तेव्हा आज्जी सोप्यात बसून रडत होती. मला म्हणाली, "सातासमुद्रापल्याड गेला बघ. मला काय झालं तर पोरगं कवा पोचायचं?" तेव्हा मी ठरवले, याचा हिशेब करायचा.

पप्पांच्या तिकिटाची झेरॉक्स घरी होती. येताना विमान दुबईहून दुपारी १ ला निघून मुंबईला ५ वाजून २० मिनिटांनी पोचले. जाताना मुंबईहून सकाळी १० ला निघून दुबईला ११ वाजून ४५ मिनिटांनी. म्हणजे येताना ४ तास २० मिनिटे आणि जाताना पावणेदोनच तास! मला वाटले, विमान जाताना पळते आणि येताना रमतगमत येते. बाईंना विचारले तर त्या हसल्या. म्हणाल्या, "दोन्हीकडची घड्याळं सारखी आहेत का?"

खरी गंमत इथेच आहे. सूर्य आधी आपल्याकडे उगवतो, मग दुबईत. म्हणून दुबईचे घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे असते. येतानाच्या वेळेतून दीड तास वजा केला, उत्तर आले २ तास ५० मिनिटे. जातानाच्या वेळेत दीड तास मिळवला, उत्तर आले ३ तास १५ मिनिटे. म्हणजे उलटेच झाले! थंडीच्या दिवसांत खूप उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा असतो. येताना तो विमानाला मागून ढकलतो, जाताना समोरून अडवतो. सायकलवर आपल्याला हे कळतेच की.

मग अंतर मोजले. शाळेतल्या पृथ्वीगोलावर मुंबई ते दुबई दोरा ताणून धरला. तसले सुमारे २१ दोरे जोडले तर विषुववृत्ताची फेरी पुरी होते. ती फेरी सुमारे ४०,००० किलोमीटरची आहे. भागाकार केला, १,९०० च्या आसपास आले. खरे अंतर सुमारे १,९३० किलोमीटर आहे. वाटेत सात समुद्र नाहीत. मुख्य एकच, आपल्या कोकणाला लागतो तो अरबी समुद्र.

विमान ताशी ८०० ते ९०० किलोमीटर जाते. मग तीन तास का? कारण धावपट्टीपर्यंत ते हळू जाते, चढायला आणि उतरायलाही वेळ लागतो. एसटीसुद्धा फोंडा घाटात सपाटीसारखी पळत नाही.

आता आज्जीचा हिशेब. विमानतळावर आधी जायचे ३ तास, विमानात ३ तास, मुंबईत बाहेर पडायला २ तास. मुंबई ते राधानगरी रस्त्याने सुमारे ४३० किलोमीटर, त्याला १० तास. एकूण १८ तास. कोल्हापूरजवळ उजळाईवाडीला १९३९ पासून विमानतळ आहे. मुंबईहून तिथे विमान मिळाले तर हवेतून सरळ सुमारे ३१० किलोमीटर, तासाभराचेच काम.

मी आज्जीला सांगितले, "तिकीट मिळालं की पप्पा दुसऱ्या दिवशी दारात." आज्जी बोटांवर मोजत बसली. मग म्हणाली, "म्हंजे दुबईपरास मुंबईच लांब की गं!" आणि हसली.

मित्रांनो, तुमच्याही घरचे कोणी लांब असेल तर नुसते किलोमीटर विचारू नका. तास पण विचारा.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता ४ थी