जुन्या फटफटीचा जड क्लच

इंग्लंडांतील रेडिच येथील रॉयल एन्फील्ड कंपनीच्या सहकार्यानें १९५५ च्या सुमारास मद्रास येथें ‘बुलेट’ फटफटीची जुळणी सुरू झाली. त्या जुन्या पिढीच्या गाड्या आजहि कित्येक घरांत आजोबांची ठेव म्हणून जपलेल्या आढळतात. चालविणारांची एक तक्रार मात्र हटकून ऐकूं येते : क्लचची दांडी आंवळतांना डावें मनगट भरून येतें. साठी उलटलेला गृहस्थ मग ‘आतां हें आपल्या हातचें नव्हे’ असें म्हणून गाडी विकावयास काढतो. वस्तुतः दोष बहुधा त्याच्या मनगटाचा नसतो, आणि क्लचमधील स्प्रिंगांचाहि नसतो.

उतावीळ मिस्त्री प्रथम स्प्रिंगाच ढिल्या करतो. हा उपाय घातक होय. एंजिनाची शक्ति चाकापर्यंत पोंचविण्यासाठीं क्लचच्या तबकड्या एकमेकींस घट्ट दाबून धराव्या लागतात व तेंच काम स्प्रिंगा करतात. त्या दुबळ्या केल्या कीं घाट चढतांना एंजिन गर्जतें, गाडी मात्र पुढें सरत नाहीं, आणि तबकड्या घांसून जळतात.

प्रथम तारेचें खालचें टोक सोडवावें व तार नळींतून मागेंपुढें सरकवून पाहावी. ती दोन बोटांनीं सहज सरकली पाहिजे. अडखळली तर दोष तेथेंच आहे. वळणावळणानें घर्षण कसें वाढतें याचें गणित ऑयलर या गणितज्ञानें अठराव्या शतकांतच मांडून ठेविलें आहे. तारेचीं सर्व वळणें मिळून अर्धें वर्तुळ होत असेल आणि घर्षणगुणक ०.१ असेल, तर हातास सुमारें १.४ पट जोर लागतो. तार गंजून तोच गुणक ०.३ झाला कीं अडीच पटींहून अधिक! स्प्रिंग तीच, हात तोच.

म्हणून तार काढून उभी टांगावी, वरच्या टोकास कागदाचें नरसाळें बांधून त्यांत पातळ तेल घालावें व खालून तें ठिबकेपर्यंत, बहुधा रात्रभर, धीर धरावा. परत बसवितांना वळणें शक्य तितकीं मोठीं ठेवावींत. हॅण्डल दोन्हीं बाजूंस पूर्ण वळवून तार कोठें ताणली जात नाहीं ना, हेंहि पाहावें. तार मोकळी असूनहि जडपणा राहिलाच, तर गिअरबॉक्सच्या पोकळ दांड्यांतून क्लचकडे जाणारी सळई वांकली वा कोरडी पडली आहे काय, तें मिस्त्रीकडून तपासून घ्यावें.

दांडी बदलण्याचा मोह शेवटीं. तरफेचा धडा शाळेंत आपण सर्वांनीं घोकलेला असतो. पण त्याचा उत्तरार्ध विसरतो. खिळीपासून तारेच्या मण्यापर्यंतचें अंतर २७ मिलिमीटरांवरून २२ केलें, तर हाताचा जोर जवळजवळ एक पंचमांशानें वांचतो खरा. परंतु तारेची ओढहि तितकीच कमी होते. तबकड्या पुरत्या सुटत नाहींत, गिअर कुरकुरतो, आणि सिग्नलपाशीं न्यूट्रल सांपडतां सांपडत नाहीं. दांडीपाशीं दोन-तीन मिलिमीटर ढील ठेवणें मात्र अवश्य. ती नसल्यास सळई सदैव दाबलेलीच राहते.

मण्याजवळ तारेचा एक जरी पदर तुटलेला दिसला, तर तेलाचा खटाटोप न करतां नवी तार घालावी. दूरच्या प्रवासास निघणारे जाणते लोक दुसरी तार पहिलीच्या शेजारींच बांधून ठेवितात. आडरानांत पहिली तुटली, तर नुसतीं टोकें अडकविण्याचें काम उरतें.